दारात येऊन गाडी धुणाऱ्या प्रेशर वॉशरला पाणी द्यायचं कुठून आणि कसं?

गाडी धुवायला वॉशिंग सेंटरच्या रांगेत थांबायचं की फोन करून माणूस दारात बोलवायचा? कोल्हापुरात आता दुसरा पर्यायही आहे. प्रेशर वॉशर, फोमची बाटली आणि मायक्रोफायबरची फडकी घेऊन दारात येणारे हे मोबाईल डिटेलिंगवाले. साधं मशीन आठ-दहा हजारांत मिळतं, त्यामुळे कमी भांडवलात धंदा सुरू होतो. खरा प्रश्न गिऱ्हाइकाच्या दारात गेल्यावर पडतो. मशीनला पाणी कुठून द्यायचं?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण मशीन टिकणार की जळणार आणि शेजाऱ्यांच्या नळाला स्वच्छ पाणी येणार की गढूळ, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

बार नाही, लिटर बघा

मशीन घेताना सगळे 'किती बार?' असं विचारतात. पाण्याची सोय करताना मात्र दुसरा आकडा महत्त्वाचा असतो, तो म्हणजे मिनिटाला किती लिटर. घरगुती इलेक्ट्रिक मशीनला साधारण 6 ते 7 लिटर लागतं, तर पेट्रोलवरच्या मोठ्या मशीनला 10 ते 15 लिटर. हा आकडा मशीनच्या पट्टीवर लिहिलेला असतो.

नळाला तेवढी धार आहे का, हे बघायला एक बादली आणि मोबाईलचं घड्याळ पुरतं. 20 लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर नळ मिनिटाला 10 लिटर देतोय, म्हणजे 7 लिटरचं मशीन आरामात चालेल. बादली भरायला तीन मिनिटं लागली तर धार सातच्याही खाली आली. मग मशीन पाण्याऐवजी हवा ओढायला लागतं.

हवा ओढली की काय होतं? मशीनच्या पंपात पिस्टन आणि रबरी सील असतात. त्यांना थंड आणि ओलं ठेवायचं काम पाणीच करतं. पाणी तुटलं की सील घासतात, पंप खडखडायला लागतो आणि धार मध्येच मोठी, मध्येच बारीक होते. असं पुन्हा पुन्हा झालं की पंप खोलावाच लागतो.

थेट नळाला मशीन लावलं तर?

आधी तो नळ कुठला, हे विचारायचं. अपार्टमेंटच्या पार्किंगमधला नळ बहुतेक वेळा गच्चीवरच्या टाकीवर असतो. टाकी 10 मीटर उंचीवर असेल तर खाली साधारण 1 बार दाब मिळतो आणि मशीनला तो चालतो. अशा नळाला मशीन लावायला हरकत नाही. फक्त मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे फोमचं पाणी उलटं लाईनमध्ये जाणार नाही.

महापालिकेच्या लाईनवरच्या नळाची गोष्ट वेगळी आहे. प्रेशर वॉशर म्हणजे शेवटी पंपच. नळाला धार कमी असेल तर तो लाईनमधून पाणी खेचतो, म्हणजे नळाला थेट मोटर लावल्यासारखंच झालं. त्याने शेजारच्या घरांचं पाणी कमी होतं, आणि एवढ्यावर भागत नाही. लाईनमधला दाब घसरला की जमिनीखाली जिथे पाईप गळतोय, तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. गटारीला लागून गेलेली जुनी लाईन असेल तर धोका आणखी वाढतो.

पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं तर काय होतं, हे कोल्हापूर जिल्ह्याने पाहिलंय. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि त्यात अनेकांचे जीव गेले. त्या साथीचा गाड्या धुण्याशी संबंध नव्हता. पण नळाची लाईन किती जपावी लागते, हे त्यातून कळतं.

त्यामुळे नियम साधा आहे. पालिकेच्या नळाचं पाणी आधी टाकीत किंवा ड्रममध्ये पडू द्यायचं आणि मशीनने ते तिथून घ्यायचं. नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, पाण्यात बुडता कामा नये. मधल्या या मोकळ्या जागेमुळे पाणी उलटं जायचा प्रश्नच राहत नाही.

टाकीवर मशीन कसं चालवायचं?

प्रत्येक मशीन टाकीतून पाणी ओढू शकत नाही. काही मशीनना नळाचा दाब लागतोच. म्हणून घेतानाच 'सेल्फ सक्शन आहे का?' हे विचारून घ्यावं. त्यानंतर पुढच्या गोष्टी सांभाळाव्या लागतात.

टाकी मशीनपेक्षा उंच ठेवायची, म्हणजे पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. टाकीच्या तळाशी अर्धा ते पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह लावायचा आणि पाईप आखूड ठेवायचा. पाईप जाळीचा किंवा आत तार असलेला हवा. साधा मऊ पाईप ओढीने चपटा होतो आणि पाणी अडतं. जोडाला टेफ्लॉन टेप आणि क्लिप घट्ट हवी, कारण थेंबभर गळणारा जोड पंप चालू झाला की हवा आत घेतो. मशीनच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर लावायचा. टाकीच्या तळाची रेती पंपात गेली तर सील कापले जातात.

सुरू करताना पाईप आधी पाण्याने भरून घ्यायचा, बंदुकीचा ट्रिगर दाबून हवा जाऊ द्यायची आणि पाण्याची धार सलग आली की मगच नोझल लावायचा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. बऱ्याच घरगुती मशीनना 40 अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. एप्रिल-मेच्या उन्हात टेम्पोवर उघडी ठेवलेली काळी टाकी चांगलीच तापते, म्हणून टाकी झाकलेली बरी. पेट्रोलचं मशीन ट्रिगर सोडल्यावरही चालूच असतं आणि तेच पाणी पंपात फिरून गरम होतं. फोम लावून दहा मिनिटं थांबायचं असेल तर इंजिन बंद करावं.

किती पाणी न्यायचं?

7 लिटरच्या मशीनने एका कारवर प्रत्यक्ष धार 8 ते 10 मिनिटं मारली तरी 55 ते 70 लिटर पाणी जातं. फोम आणि हात धुणं धरून एका गाडीला 100 लिटर पकडले तर पाच गाड्यांना 500 लिटर लागतील.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे अर्धा टन वजन झालं, त्यात टाकी, मशीन आणि माणसं वेगळीच. छोट्या मालवाहू टेम्पोची क्षमता साधारण पाऊण टनाची असते, त्याला हे झेपतं. कारच्या डिक्कीत मात्र 100 लिटरच्या पुढे जाऊ नये. अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला ओढते, त्यामुळे टाकीला आडवे पडदे असावेत आणि ती पट्ट्यांनी बांधलेली असावी.

पाणी कुठलं वापरायचं?

बोअरचं पाणी सहज मिळतं, पण ते बरेचदा जड असतं. उन्हात सुकलं की काचेवर आणि काळ्या रंगावर पांढरे डाग राहतात. उपाय म्हणजे सावलीत धुणं, लगेच फडक्याने पुसणं आणि शेवटची 5-10 लिटरची धार मऊ पाण्याची देणं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी शेवटच्या धारेला वापरू नये, कारण क्षार त्यातच साठलेले असतात.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी हाही पर्याय आहे. केंद्राच्या 2013 च्या सांडपाणी मॅन्युअलमध्ये गाड्या बाहेरून धुणं हा त्याचा एक वापर धरलेला आहे. पण प्रेशर वॉशरचे तुषार नाका-तोंडात जातात, त्यामुळे ते पाणी नीट गाळलेलं आणि निर्जंतुक केलेलंच हवं.

कोल्हापुरात पाण्याला तोटा आहे का?

पंचगंगेच्या काठच्या शहरात हा प्रश्न विचित्र वाटेल. पण 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना शहराला टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी शहरात आलं. 50 किलोमीटरहून लांबून, शुद्ध करून आणलेलं हे पाणी गाडीच्या चाकांवर किती ओतायचं, याचा विचार व्हायला हवा. बंगळूरमध्ये मार्च 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आली होती आणि दंड होता 5,000 रुपये.

धुतलेलं पाणी जातं कुठे?

साबण, ऑइल आणि ब्रेकची काळी भुकटी घेऊन हे पाणी गटारीत जातं, तिथून नाल्यात आणि जिथे ते अडवून शुद्ध केलं जात नाही, तिथे थेट पंचगंगेत. खाली इचलकरंजी आणि शिरोळची गावं आहेत. म्हणून रंकाळ्याच्या काठावर किंवा नदीघाटावर गाडी लावून मशीन चालवणं हा पर्यायच नाही. खंडेनवमीला दिवसभर गाड्या धुतल्या जातात, तेव्हा तर नाहीच. इंजिनचं ऑइल आधी फडक्याने पुसून घ्यावं, फोम बेताचा वापरावा आणि शक्यतो सांडपाण्याच्या लाईनला जोडलेल्या जागीच गाडी धुवावी. नुसती धूळ असेल तर बादलीभर पाण्यात, विना-धार वॉशनेही गाडी स्वच्छ निघते आणि मशीन गाडीतून उतरवावंच लागत नाही.