सुरंजान : दवा आणि इशारा

गुडघे धरले, बोटे आखडली की आपल्याकडची बुजुर्ग मंडळी आजही ‘माजूने सुरंजान’ची डबी काढतात. या दवेचा इतिहास मोठा आहे. मात्र तिच्यासोबत आलेला इशारा आपण विसरत चाललो आहोत.

सुरंजान हा एक कंद. पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने या कुळातल्या कंदाची नोंद विष म्हणून केली. सहाव्या शतकात ट्रॅलेसच्या अलेक्झांडरने असाच कंद सांधेदुखीवर वापरला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्यकग्रंथ अरबीत आणले. पुढे इब्ने सीना (मृत्यू १०३७) यांनी ‘अल-कानून’मध्ये सुरंजानचा निक्रिसवर, म्हणजे पायाच्या अंगठ्यापासून उठणाऱ्या तीव्र संधिवातावर, गुण सांगितला, आणि तो जठराला बाधतो, हेही सांगितले. म्हणून त्याला सुंठ, जिरे अशा पाचक द्रव्यांची जोड देत.

युनानी तिब्बची ही शिस्त मुद्दाम पाहावी अशी आहे. दवेची नोंद नुसत्या गुणांवर संपत नाही. ती कोणाला अपायकारक (मुजिर), तो अपाय कशाने आवरावा (मुस्लेह) आणि मात्रा किती (मिकदार), हेही लिहिलेले असते. सुरंजानचे शीरीं आणि तल्ख असे दोन प्रकार मानले. गोड शीरीं पोटात घ्यायचा, कडू तल्ख फक्त लेपासाठी.

ही सावधगिरी पोकळ नव्हती. १८२० मध्ये पॅरिसच्या पेल्तिए आणि काव्हान्तू यांनी याच कुळातल्या वनस्पतीतून कोल्चिसिनचे द्रव्य वेगळे केले. आधुनिक डॉक्टर तेच निक्रिसवर देतात, पण मोजक्या मिलिग्रॅममध्ये. मात्रा वाढली तर उलट्या, जुलाब आणि पुढे मूत्रपिंड व अस्थिमज्जेवर घाला. त्यावर हमखास उतारा नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला आणि काही प्रतिजैविके घेणाऱ्याला तर नेहमीची मात्राही बाधू शकते.

आज हकीमांना नाडी न दाखवताच दवा विकत घेतली जाते. ‘जडीबुटी आहे, नुकसान कसले?’ हे वाक्य कानी पडते. सांधेदुखीच्या काही बेनाव पुड्यांत तर स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. दोन दिवसांत उतार पडतो तो त्याचाच.

आपल्या बुजुर्ग हकीमांनी ‘नुकसान कसले?’ असे कधी म्हटले नाही. नुकसान कोणते, हे त्यांनी आधी लिहून ठेवले. त्यांचा वारसा सांगायचा तर दवेच्या डबीबरोबर तो इशाराही घरात ठेवायला हवा.