जहरामधला कंप्रेसर आणि माँट्रियलचा करार



कुवेतमध्ये जुनी गाडी बाळगणाऱ्याच्या कानावर उन्हाळा लागला की एक वाक्य हमखास पडतं: "कंप्रेसर गेला." मग नवा, नाहीतर अमघराच्या भंगारातून काढलेला कंप्रेसर बसतो. चार दिवस गारवा, की पुन्हा पाढे पंचावन्न. लोक म्हणतात गॅरेजवाला लबाड, नाहीतर इथलं ऊनच तसं. दोन्हींत थोडं तथ्य असेलही. पण नव्वदच्या दशकातल्या गाड्यांचे कंप्रेसर बदलूनही पुन्हा का जायचे, याचं एक मोठं कारण १९८७ साली माँट्रियलला झालेल्या करारापाशी जाऊन पोचतं. तो इतिहास आज सांगतो, कारण त्याचा पुढचा अंक आपल्याच वाट्याला येणार आहे.

आधी एक साधा प्रश्न. घरचा फ्रिज वीस वर्षं गॅस न भरता चालतो, मग गाडीच्या एसीला दर दोन-चार वर्षांनी गॅस का लागतो? फ्रिजमध्ये मोटर आणि कंप्रेसर एकाच लोखंडी डब्यात कायमचे बंद केलेले असतात. गाडीत कंप्रेसर फिरतो इंजिनाच्या पट्ट्यावर, म्हणजे त्याचा दांडा बाहेर यावाच लागतो. दांड्याभोवती सील असतं आणि ते झिजतं. शिवाय इंजिन हलतं, म्हणून काही नळ्या रबरी असतात. गॅस थोडाथोडा जाणारच. हे दुखणं जन्मापासूनचं आहे. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये, १९४० च्या मॉडेलसाठी, कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्या एसीने डिकीची निम्मी जागा खाल्ली होती, आणि कंप्रेसरला क्लच नव्हता. थंडीत एसी बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवायचा! १९५४ च्या नॅश गाडीत सगळी यंत्रणा पुढे, बॉनेटखाली आली आणि आजची मांडणी रूढ होत गेली.

आता गॅसकडे वळू. त्यापूर्वी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असत. १९२८ च्या सुमारास जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी त्यांना पर्याय शोधला. त्यातून आलेला आर-१२, म्हणजे फ्रिऑन, ना विषारी, ना ज्वलनशील. पुढची पन्नास वर्षं गाडीचा एसी म्हणजे आर-१२ हे समीकरणच होऊन बसलं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक जाहीर केलं, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलला करार झाला. श्रीमंत देशांत आर-१२ चं उत्पादन १९९५ अखेर थांबलं. विकसनशील देशांना, म्हणजे भारताला आणि कुवेतलासुद्धा, २०१० पर्यंत मुदत मिळाली. दोन्ही देश १९९२ मध्ये करारात सामील झाले.

आता जहराकडे येऊ. जहरा आपल्याला माहीत असतं ते लाल किल्ल्यामुळे (हो, इथेही लाल किल्ला आहे, मातीचा!) आणि १० ऑक्टोबर १९२० ला इथे झालेल्या लढाईमुळे. शेजारीच मुत्लाची टेकडी. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस पळणाऱ्या इराकी सैन्याच्या वाहनांची राख झाली ती याच रस्त्यावर, आणि त्या रांगेत कुवेतमधून लुटलेल्या खाजगी गाड्याही होत्या. मुक्ततेनंतर लोकांनी नव्या गाड्या घेतल्या त्या १९९१ ते ९३ च्या मॉडेलच्या, म्हणजे बहुतेक आर-१२ वर चालणाऱ्या शेवटच्या पिढीच्या. कंपन्यांनी साधारण १९९२ ते ९४ दरम्यान आर-१३४ए हा नवा गॅस धरला. दहा-बारा वर्षांनी त्या जुन्या गाड्या तिसऱ्या-चौथ्या हातात, म्हणजे आपल्यासारख्यांच्या हातात आल्या, तेव्हा खरी गंमत सुरू झाली.

माझी १९९२ ची गाडी २००४ साली याच कारणाने जहराच्या सनायात (औद्योगिक भागाला इथे सगळे सनाया म्हणतात) गेली. आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजमध्ये कंप्रेसर बदलून घेतला होता, तो महिन्याभरातच जाम झाला. इथल्या उस्तादने नळी सोडून बोट आत घातलं आणि काळं, चिकट बोट मला दाखवलं. म्हणाला, "साहब, कंप्रेसर नया, तेल पुराना. गॅस बदला, बाकी कुछ नहीं बदला."

एका वाक्यात त्याने सगळी केमिस्ट्री सांगितली. कंप्रेसरला वंगण देणारं तेल गॅसबरोबरच फिरतं. आर-१२ मध्ये खनिज तेल विरघळायचं. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही. ते आत कूलिंग कॉइलमध्ये साचून राहतं, कंप्रेसरला मिळत नाही, आणि तो कोरडा फिरून मरतो. मरताना धातूचा चुरा सगळ्या नळ्यांत सोडून जातो, आणि तो चुरा पुढच्या नव्या कंप्रेसरचा जीव घेतो. म्हणून नवा कंप्रेसर बसवणं म्हणजे चार बोल्ट काढून चार लावणं नव्हे.

उस्तादने काय केलं ते क्रमाने सांगतो:

- नळ्या आणि कॉइल धुवून काढले. कंडेन्सर मात्र नवाच घातला, कारण त्याच्या बारीक वाटांतला चुरा निघत नाही.
- ड्रायर नवा बसवला. त्यातली ओलावा शोषणारी द्रव्यंही नव्या गॅसला चालणारी हवीत.
- सगळे ओ-रिंग बदलून हिरवे घातले.
- कंप्रेसरमधलं तेल ओतून मोजलं, योग्य ते पॅग तेल भरलं आणि दांडा हाताने दहा-बारा वेळा फिरवला, म्हणजे सुरुवातीला सिलिंडरमध्ये तेल अडकून दणका बसत नाही. पॅग तेल हवेतलं पाणी भराभर ओढतं, म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही.
- पाऊण तास व्हॅक्यूम मारला आणि पंप बंद करून काटा हलतो का ते पाहिलं.
- गॅस वजनावर भरला. नवा गॅस जुन्याच्या ८० ते ९० टक्केच लागतो. "थंड वाटेपर्यंत" भरत राहिलं तर दाब वाढून कंप्रेसर पुन्हा जातो.

इथे उन्हाचा मुद्दा येतो. जहराच्याच प्रांतातल्या मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते मान्य केलं. बाहेर ५० असताना कंडेन्सरमध्ये गॅस ७० अंशांच्या आसपास असतो. त्या तापमानाला आर-१२ चा दाब साधारण १९ बार, आर-१३४ए चा २१ च्या वर. पुण्यात हा फरक जाणवतही नाही, कुवेतच्या सिग्नलवर जाणवतो. जुन्या गॅससाठी बनवलेला कंडेन्सर आणि थकलेला पंखा असेल तर सगळा भार कंप्रेसरवर येतो.

खर्च माझ्या अंदाजाच्या दुप्पट झाला, पण तो कंप्रेसर गाडी विकेपर्यंत चालला. आणि त्या वेळी गाडीत लहान मूल होतं, हे वेगळं सांगायला नको. इथल्या ऑगस्टमध्ये एसी ही चैन नव्हे.

आता पुढचा अंक. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. म्हणून २०१६ मध्ये किगालीला माँट्रियल करारात दुरुस्ती झाली. तिच्यात भारत आणि कुवेत एकाच गटात आहेत. या गटाने २०२८ मध्ये अशा वायूंचा वापर गोठवायचा, २०३२ पासून कपात करायची आणि २०४७ पर्यंत तो १५ टक्क्यांवर आणायचा. युरोपात २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांत आर-१३४ए बंदच आहे. तिथे बहुतेक गाड्यांत आर-१२३४वायएफ हा नवा गॅस आला. तो किंचित ज्वलनशील आहे, त्याचं तेल वेगळं, भरायची तोंडंही वेगळी.

म्हणजे १९९२ च्या गाड्यांचं जे झालं, तेच आपल्या आजच्या गाड्या जुन्या होतील तेव्हा होऊ शकतं, इथेही आणि परत गेल्यावर पुण्या-मुंबईतही. तेव्हा बॉनेटखालच्या लेबलवर गॅस कोणता आणि किती ग्रॅम ते आधी वाचा. कंप्रेसर बदलायचा तर ड्रायर आणि तेल त्याच बिलात आहे का ते विचारा. करार शास्त्रज्ञ आणि सरकारं करतात. तो नीट पाळला जातो की नाही, हे ठरतं सनायातल्या एखाद्या उस्तादच्या हातात.