मागील बाकी : गरीब वस्तीतल्या किराणा दुकानाचा हिशेब

गरीब वस्तीत किराणा दुकान का टिकत नाही, असे दुकानदाराला विचारले तर तो एका शब्दात उत्तर देतो : उधारी. तोच प्रश्न शहरातल्या सुशिक्षित माणसाला विचारला तर त्याचेही उत्तर एका शब्दाचे असते : मॉल. गेली काही वर्षे मी नवी मुंबईतल्या करावे गावठाणातली दुकाने पाहतो आहे, कुणी जुन्या वह्या दाखवल्या तर वाचतो आहे आणि सोबत गिरणगावाविषयीचे जुने अहवाल चाळतो आहे. ही दोन उत्तरे मुळात एकच आहेत, असे माझे मत होत गेले. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

करावे हे आगरी-कोळ्यांचे, खाडीकाठचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले, त्यांत करावेही आले. तोवर या पट्ट्यातल्या घरांत भात कणगीत असे, मासळी खाडीतून येई, मीठ मिठागरातून. दुकानातून आणायचे ते गूळ, चहा, रॉकेल, तंबाखू, काड्यापेटी. दुकान बंद असले तर अडचण होई, उपास पडत नसे. शेत गेले आणि ज्यांच्या घरी भात पिकत होता त्यांनाच तांदूळ विकत आणावा लागला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई आणि दास्तान फाट्यावर शेतकरी उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या लढ्याची चर्चा नेहमी जमिनीच्या भावाभोवती होते. ताटातल्या भाताचे काय झाले, याची फारशी होत नाही.

पुढे गावठाणात भाताऐवजी भाडे पिकू लागले. घरावर मजला, मजल्यावर खोल्या. सीवूड्स आणि पाम बीच रस्त्याच्या बाजूला टॉवर उठले, तसे ते बांधणारे, झाडणारे, राखणारे आणि तिथल्या गाड्या चालवणारे लोक या खोल्यांत राहायला आले. गावठाणातल्या किराणा दुकानाचे खरे गिऱ्हाईक हेच. मध्यमवर्गीय घर महिन्याचा किराणा ‘भरते’. दहा बाय दहाच्या खोलीत भरायला जागा नाही आणि एकरकमी पैसेही नाहीत. घरकाम करणाऱ्या बाईला पगार पाच ते दहा तारखेच्या दरम्यान मिळतो, ठेकेदारामार्फत लागलेल्या वॉचमनला त्याहून उशिरा. नाक्यावरच्या मजुराला काम मिळाले त्याच दिवशी पैसे. मिळकतीच्या तारखा अशा आणि भूक मात्र रोजची. या दोहोंमधले अंतर वाण्याची वही भरून काढते.

गिरणगावात हे सगळे शंभर वर्षांपूर्वी घडून गेले आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली. तिच्यात शेकडा ४७ कुटुंबे कर्जात आढळली आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या मिळकतीइतके होते. गिरण्या पगार महिन्याने देत, तोही पुढच्या महिन्यात बरेच दिवस उलटल्यावर. म्हणजे कामगार आधी महिनाभर राबून गिरणीमालकाला उधार देई आणि ती उधारी निभावण्यासाठी स्वतः वाण्याकडून उधार घेई. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी कामगारांच्या ठिकाणी सातव्या आणि मोठ्या ठिकाणी दहाव्या दिवसापर्यंत पगार देण्याचे बंधन घातले. आजही चाकरमान्यांच्या तोंडी ‘सात तारीख’ असते तिच्यामागे हा कायदा आहे. पण पगाराची तारीख ठरली म्हणून आधीच्या तीस दिवसांचे धान्य कुणी फुकट आणून टाकत नव्हते.

राजनारायण चंदावरकर या इतिहासकारांनी आपल्या १९९४ च्या ग्रंथात दाखवले आहे की, मुंबईतले संप किती काळ चालत हे बऱ्याच अंशी वस्तीतल्या दुकानदारांच्या उधारीवर अवलंबून असे. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने लांबला. त्या सहा महिन्यांत संघटनेच्या नेत्यांइतकाच वाणीही संपात होता, इतिहासाने त्याचे नाव मात्र लिहिले नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले तेव्हाही सुरुवातीला दुकाने उधार देत राहिली. गावागावांतून धान्य आले, बायकांनी दागिने मोडले, बरेच कामगार कोकणात, घाटावर परतले. या संपाचा शेवट कधीच जाहीर झाला नाही, आणि वहीतली बाकीही तशीच राहिली. गिरणी बुडाली तर बातमी होते. तिच्या फाटकासमोरचे भुसार दुकान नंतर वर्षभरात मिटते, त्याची होत नाही.

उधारीच्या या फासातून कामगाराला सोडवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न सहकाराने केला. इंग्लंडात रॉचडेल इथे १८४४ मध्ये काही विणकरांनी स्वतःचे दुकान काढले आणि एक कडक नियम केला : माल चोख, माप पुरे, विक्री रोखीने. जगभरच्या ग्राहक भांडारांनी त्यांचा कित्ता गिरवला. आपल्याकडे १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत असे भांडार सुरू झाले, तेच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मुंबईभर माहीत झाले. भेसळ आणि काटामारी यांना या चळवळीने जो चाप लावला तो थोडा नव्हे. पण रोखीच्या नियमात एक मेख आहे, ती सहकारावर लिहिणाऱ्यांनी नीट पाहिलेली नाही असे मला वाटते. रोखीचे दुकान गरिबांपैकी ज्याच्या हाती आज पैसा आहे त्याचे असते. तोच माणूस वीस तारखेला वाण्याकडे जातो. म्हणजे भांडाराने वाण्याचे गिऱ्हाईक नेले नाही. त्याचा महिन्याचा पहिला आठवडा तेवढा नेला.

इथे गोष्ट पुन्हा करावे गावाच्या शेजारी येते. १९९९ मध्ये शेअर बाजारातले एक नामवंत गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी नेरुळमध्ये अपना बाजारची फ्रँचायझी घेतली. ते रूप त्यांना पटले नाही, आणि २००२ मध्ये त्यांनी पवईत स्वतःचे पहिले दुकान उघडले, डी-मार्ट. गिरणी कामगारांच्या भांडारातून या साखळीकडे जाणारी वाट नेरुळमधून गेली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. सहकार गेला, रोखीचा नियम राहिला. डी-मार्ट पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करते, त्यामुळे माल स्वस्त मिळतो. माल झपाट्याने खपतो. आणि वही ठेवावी लागत नाही.

गावठाणातल्या दुकानदाराचे नेमके उलटे. तो रोखीने आणतो आणि उधारीने विकतो. करावे ते वाशीचा कृषी उत्पन्न बाजार हे अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून तिथे गेला १९८१ मध्ये, नव्वदीच्या आरंभी मसाला आणि धान्य, १९९६ मध्ये भाजी आणि फळे. देशातल्या मोठ्यांपैकी एक बाजार दाराशी आला, तर दाराशीच्या दुकानदाराला माल स्वस्त मिळायला हवा होता. पण घाऊक बाजारात अंतराला नव्हे, वजनाला भाव असतो. ट्रक उचलणाऱ्याचा एक दर आणि दोन गोणी रिक्षात घालून नेणाऱ्याचा दुसरा. बहुतेक छोटे दुकानदार वाशीला जातच नाहीत, मधल्या अर्धघाऊक व्यापाऱ्याकडून घेतात. तोही आता आठवड्याच्या वर थांबत नाही.

एका दुकानदाराने मला हिशेब समजावला. ब्रँडच्या मालावर शेकड्याला आठ-दहा सुटतात. आठ धरू. एखादे गिऱ्हाईक हजार रुपये बुडवून गेले, तर ते भरून काढायला साडेबारा हजारांची विक्री करावी लागते, तीही सगळी रोख. ‘म्हणजे एक माणूस पळाला की पंधरा माणसांचा महिना त्याच्या नावावर खर्ची पडतो,’ तो म्हणाला. आकडा त्याने अंदाजाने सांगितला होता, पण वर्म बरोबर होते. कायद्याने तीन वर्षांत दावा लावता येतो. हजार रुपयांसाठी कोण कोर्टात जातो?

इथे वाणी लुबाडतो, हा समज तपासून पाहायला हवा. २००२ मध्ये सी. के. प्रल्हाद आणि ॲलन हॅमंड यांनी धारावी आणि वॉर्डन रोड यांच्या दरांची तुलना प्रसिद्ध केली. कर्जावरचे व्याज धारावीत ५३ पट, पाणी ३७ पट, जुलाबाच्या औषधाचा खर्च १० पट, फोन १.८ पट आणि तांदूळ १.२ पट. गरीब माणूस जास्त पैसे मोजतो, हे दाखवायला लोक यातले ५३ आणि ३७ हे आकडे पुढे करतात. मला शेवटचा आकडा महत्त्वाचा वाटतो. गरिबाला विकल्या जाणाऱ्या या यादीत सर्वांत कमी फरक किराण्यात आहे. कारण उघड आहे : एका गल्लीत चार दुकाने असली की तांदळाचा भाव फार चढवता येत नाही. आता ५३ आणि १.२ शेजारी ठेवून पाहा. ज्या वस्तीत सावकाराचे व्याज इतके, तिथे वाणी महिनाभराचे कर्ज तांदळाच्या किलोमागे पाचव्या हिश्शाच्या वाढीत देतो. त्यातच दुकानाचे भाडे, वीज, सुटे करण्यात जाणारे वजन. तो महाग विकत नाही, कर्ज स्वस्त देतो. त्याच्या दुकानाचा पाया तिथेच खचतो.

मग रेशन. मुंबईत रेशनिंग सुरू झाले १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, आणि बराच काळ ते सगळ्यांसाठी होते. १९९७ नंतर ते ‘लक्ष्यित’ झाले, १९९९ पासून पिवळी, केशरी, पांढरी कार्डे आली. अन्नसुरक्षा कायद्यानंतर राज्यात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठरली, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. दोन घरी भांडी घासणारी बाई आणि वॉचमन नवरा हे जोडपे नियमाने त्यात बसत नाही. ज्यांना कार्ड आहे त्यांना जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, हे चांगलेच आहे. दुकानदाराच्या बाजूने मात्र त्याचा अर्थ असा की, गहू-तांदळासाठी येऊन सोबत साबण-बिस्किटे नेणारे गिऱ्हाईक कमी झाले. ज्यांना कार्ड नाही ते राहिले, आणि बहुधा उधारीवरच राहिले.

आता सुरुवातीची दोन उत्तरे एकत्र आणता येतील. आठ तारखेला पगार होतो. त्या संध्याकाळी बाया रिक्षा करून मोठ्या दुकानात जातात, पाच किलो तेल, दोन किलो साखर आणतात. त्यांना दोष देता येणार नाही, लिटरमागे दहा रुपये वाचत असतील तर मीही जाईन. पंधरा तारखेनंतर त्याच बाया गल्लीतल्या दुकानात येतात : पाव किलो तूरडाळ, शाम्पूची पुडी, ‘भैया, लिहून ठेवा’. मॉलने त्याचे रोखीचे दिवस घेतले, उधारीचे त्याच्याकडे ठेवले. पूर्वी पहिल्या आठवड्याच्या रोख विक्रीतून शेवटच्या आठवड्याची उधारी पेलली जाई. तो तोल गेला. यूपीआय आल्यापासून हे कानाला कळते. भिंतीवरच्या क्यूआरचा डबा आठ ते बारा तारखेदरम्यान, जेव्हा वाजायला हवा तेव्हा, शांत असतो.

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी मी पुष्कळ दुकानांत पाहिली. उधार साफ बंद करणारी दुकाने पाहिली ती मात्र थोडीच, आणि तीही फार दिवस चालली नाहीत. रोखीनेच घ्यायचे तर माणूस तुमच्याकडे का येईल?

एका मिटलेल्या दुकानाची वही मला वाचायला मिळाली. तिच्यात नावे क्वचितच होती. ‘दोन नंबर चाळ वरची खोली’, ‘पेंटर’, ‘सातव्या माळ्यावरची दीदी’, ‘पेंटरचा भाऊ’ अशी खाती. मार्च २०२० पर्यंत प्रत्येक खात्यात दहा-बारा तारखेला जमा दिसते, कधी पूर्ण, कधी अर्धी. २५ मार्चला टाळेबंदी लागली. एप्रिलची पाने नुसती नावे बाजूने भरली आहेत : पीठ, तेल, बटाटे, पीठ, दूध पावडर, पीठ. कामे बंद होती हे दुकानदाराला माहीत होते, तरी तो देत राहिला. ‘समोर पोर उभं असतं, काय सांगणार,’ एवढेच तो म्हणाला. मे महिन्यात खाती एकेक करून थांबतात. पेंटरचे नऊ तारखेला, त्याच्या भावाचे त्याच दिवशी. माणसे गावी निघून गेली होती. काही वर्षभराने परतली आणि त्यांतल्या दोघांनी आपण होऊन पैसे आणून दिले, तेही वहीत आहे.

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला त्याने रिवाजाप्रमाणे नवी वही आणली, ‘श्री’ लिहिले, हळदकुंकू वाहिले. पहिल्या पानावर मागील बाकी ओढायची असते, ती ओढली नाही. दीड वर्षाने गाळा सोडला. त्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो. महिनाअखेरीला त्या चाळीतल्या बाया कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जातात. ते दुकान नवीन आहे, मालक त्यांना ओळखत नाही, आणि त्या दहा रुपयांची डाळ मागतात, रोख.