समोर असूनही न दिसलेला बंध

१८१४ साली कोलँ या फ्रेंच रसायनज्ञाने कोरडे आयोडीन आणि अमोनिया एकत्र आणले, तेव्हा धातूसारखी चमक असलेला द्रव तयार झाला. १८६३मध्ये फ्रेडरिक गथ्रीने त्याची घडण ओळखली: अमोनियाचा एक रेणू, आयोडीनचा एक. पण या दोन रेणूंना जोडणाऱ्या आकर्षणाची, म्हणजे हॅलोजन बंधाची, सर्वमान्य व्याख्या २०१३ साली झाली. ती करणाऱ्यांत बंगळूरचे गौतम देसिराजू होते. एवढा उशीर का? अणूंची मांडणी पाहायची साधनेच नव्हती, हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. ऑस्लोच्या ऑड हॅसेलने १९५४मध्ये ब्रोमीन आणि डायॉक्सेन यांचा स्फटिक क्ष-किरणांनी तपासला. त्यात ऑक्सिजन, ब्रोमीनची जोडी आणि पुन्हा ऑक्सिजन जवळजवळ सरळ रेषेत होते. ब्रोमीन-ऑक्सिजन अंतर भरले २.७१ अँगस्ट्रॉम, अणू नुसते टेकलेले असते तर ते ३.३च्या पुढे गेले असते. हॅसेलला १९६९चे नोबेलही मिळाले. तरी पुढे कित्येक वर्षे जीवशास्त्राने या बंधाची दखल घेतली नाही.

माझ्या मते आडवे आले ते मनातले चित्र. हॅलोजन, म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीनसारखा अणू, हा सगळीकडून ऋण असलेला गोळा, ही समजूत पक्की होती. मग तो ऋण ऑक्सिजनकडे ओढला जाईलच कसा? प्रत्यक्षात दुसऱ्या अणूशी नेहमीच्या बंधात अडकलेल्या ब्रोमीनच्या किंवा आयोडीनच्या पलीकडच्या टोकाला इलेक्ट्रॉन विरळ होतात आणि तेवढाच भाग धन होतो. २००७मध्ये या भागाला ‘सिग्मा होल’ हे नाव मिळाले. पुरावाही समोरच होता: डीएनएची रचना उलगडण्यासाठी स्फटिकतज्ज्ञ त्यात ब्रोमीन मुद्दाम घालत आले होते. २००४मध्ये शिंग हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच जमा असलेल्या रचना चाळल्या, तर हे बंध प्रथिनांत आणि न्यूक्लिइक आम्लांत सापडले. नवे यंत्र लागले नाही. तीन वर्षांनी हो यांच्याच गटाने डीएनएच्या चार धाग्यांच्या सांध्यात ब्रोमीनचा बंध आणि हायड्रोजन बंध यांची झुंज लावली. ब्रोमीनने फॉस्फेटचा ऑक्सिजन धरला आणि सांधा आपल्या बाजूला वळवला.

कोणी म्हणेल, बंध माहीत नव्हता म्हणून औषधांचे काय अडले? हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूमुळे होणाऱ्या डोळ्याच्या विकारावरचे आयडॉक्सयुरिडीन विल्यम प्रुसॉफ यांनी १९५९मध्येच बनवले होते. आक्षेप रास्त आहे. त्या औषधातला आयोडीनचा अणू डीएनएतल्या थायमिनच्या मिथाइल गटाएवढा असल्याने खपून जातो. त्या औषधाच्या यशाचे श्रेय हॅलोजन बंधाला देणे चूक ठरेल. क्लोरीनही बहुधा रेणू यकृतात लवकर मोडू नये, चरबीत विरघळावा म्हणून जोडतात. पण बंध कळल्यावर क्लोरीनऐवजी आयोडीन घ्यावे का आणि ते कोणत्या कोनात बसवावे, हे आधी ठरवता येते. रेषा थोडी वाकली तरी पकड झपाट्याने सैल होते.