डुप्लेक्सर: दोन कामांना एक अँटेना

हॅम म्हणजे हौशी रेडिओचा रिपीटर डोंगरमाथ्यावरून हातातल्या छोट्या संचांचा क्षीण आवाज पकडतो आणि लगेच जोरात पुढे पाठवतो. दोन मीटर बँडवर ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत अंतर असतं अवघं 600 किलोहर्ट्झचं. 50 वॅटचं प्रक्षेपण चालू असताना मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा संदेश टिपायचा, म्हणजे ढोल बडवता बडवता कुजबुज ऐकायची. रिसीव्हर बधिर होतो. हॅम मंडळी याला 'डिसेन्स' म्हणतात.

सुरुवातीचा उपाय सरळ होता: दोघांना लांब ठेवा. ट्रान्समीटर एका जागी, रिसीव्हर दुसऱ्या जागी, मध्ये टेलिफोनची तार किंवा रेडिओची जोडणी. मग लक्षात आलं की, आडव्यापेक्षा उभं अंतर फार स्वस्त पडतं. उभा अँटेना आपल्या टोकांच्या दिशेला जवळजवळ काहीच फेकत नाही. एकाच मनोऱ्यावर दोन अँटेना 20 मीटर वर-खाली बसवले, तर हिशेबाने दोघांमध्ये सुमारे 68 डेसिबलचा अलगाव मिळतो. जमिनीवर त्यासाठी 400 मीटर किंवा जास्त लांब जावं लागतं. पण एवढा उंच मनोरा कुणाकडे असतो?

उत्तर आधीच तयार होतं, फक्त वेगळ्या कामासाठी. 1934 साली स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक टर्मन यांनी दाखवलं की, पाव तरंगलांबीची नळी आणि तिच्या मधोमध एक दांडा हे कॉइल-कंडेन्सरपेक्षा कितीतरी काटेकोर सर्किट होतं. टर्मन स्वतः लहानपणी हौशी रेडिओवाले. विद्या घरचीच म्हणायची! ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांना एकच अँटेना वापरू देणारं उपकरण म्हणजे डुप्लेक्सर; त्यातले धातूचे डबे याच कुळातले. 145 मेगाहर्ट्झला आतला दांडा साधारण अर्धा मीटर लांब. काही डबे रिसीव्हरच्या बाजूला प्रक्षेपण अडवतात, काही ट्रान्समीटरच्या बाजूला त्याचा गोंगाट. चार-सहा डबे मिळून 80 ते 100 डेसिबल देतात आणि दोन्ही कामं एकाच अँटेनावर चालतात.

अडचण उन्हाची. दांडा तापून लांबला की, सूर बिघडतो. म्हणून चांगल्या डब्यात इन्व्हारचा दांडा असतो; तो तापूनही फारसा लांबत नाही. लोह-निकेलचा हा मिश्रधातू भौतिकशास्त्रज्ञ गीयोम यांनी 1896 मध्ये शोधला आणि 1920 चं नोबेल मिळवलं.

तरी मनोऱ्यावर जागा असेल, तर आधी उभं अंतर वापरा आणि मगच डब्यांवर पैसे घाला. घेतलेच, तर मोजणीच्या उपकरणाशिवाय त्यांच्या दांड्यांना हात लावू नका.