तीन यंत्रे, दहा राग आणि ‘मिडी’ची गोष्ट 🧵

१/ सन १९८२. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वादन करणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी एक विलक्षण ध्वनिमुद्रिका केली. भैरवी, यमन, मालकंस यांसारखे दहा राग आणि त्यांना डिस्कोचा ठेका. तबला नाही, सतार नाही. वाद्ये तीनच, आणि तिन्ही विजेवर चालणारी.

२/ रोलँड या जपानी कंपनीची ही यंत्रे : ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि रागविस्तारासाठी ज्युपिटर-८. तिन्ही एकाच लयीत चालविणे हा खरा प्रश्न होता. एका यंत्राचे ठोके तारेतून दुसऱ्याला पुरविण्याची सोय होती. परंतु ती बहुधा एकाच कंपनीच्या यंत्रांपुरती.

३/ त्यापूर्वीची रीत कशी होती? अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोमंतकीय अरेंजर प्रत्येक वाद्याची स्वरलिपी कागदावर लिहीत. गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र वाजवीत असे. एक व्हायोलिन चुकले, तरी संपूर्ण गाणे पुन्हा!

४/ इकडे अमेरिकेत डेव्ह स्मिथ यांनी १९८१ मध्ये सर्व कंपन्यांच्या वाद्यांसाठी एक समान भाषा सुचविली. रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात मोठा वाटा होता. जानेवारी १९८३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखविले गेले. हीच ‘मिडी’.

५/ येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. मिडीत आवाज मुद्रित होत नाही. आज्ञा मुद्रित होते. कोणता स्वर, किती जोराने, केव्हा दाबला, केव्हा सोडला. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक, आणि एका तारेत १६ वाहिन्या. अर्थात, ही स्वरलिपीच. फक्त वाचणारे यंत्र.

६/ म्हणूनच एकच वादक आधी ठेका, मग खर्ज, मग व्हायोलिन असे ट्रॅक एकावर एक रचू शकतो. चुकलेला स्वर तेवढाच सुधारता येतो. बासरीचा ट्रॅक नंतर सनईच्या आवाजातही ऐकता येतो.

७/ ही सोय कोणाच्या तरी पोटावर आली. १९८० च्या दशकापासून मुंबईच्या स्टुडिओंतील मोठे वाद्यवृंद आटत गेले. जेथे व्हायोलिनवादकांच्या रांगा बसत, तेथे एक कीबोर्ड पुरेसा ठरू लागला.

८/ दुसरे नुकसान स्वरांचे. पं. भातखंडे यांच्या स्वरलिपीत मींडेसाठी स्वरांवर कमान काढतात. मिडीतही स्वर वाकविता येतो; परंतु तो आदेश संपूर्ण वाहिनीला लागू पडतो. एका वाहिनीवर दोन स्वर धरले, तर दोन्ही एकदम सरकतात. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविण्याची ‘एमपीई’ ही पद्धत अधिकृत होण्यास २०१८ उजाडले.

९/ आता मुंबईहून चिखलदऱ्याकडे येऊ. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा. गादली-सुसून नृत्यात ढोल आणि बासरीच्या साथीने स्त्री-पुरुष फेर धरतात. तो ढोल मिडीत उतरवून सॉफ्टवेअरने प्रत्येक ठोका ‘सरळ’ केला, तर नाचणाऱ्यांच्या पावलांनुसार मागेपुढे होणारी लय पुसली जाईल. गायकाचा आवाज तर मिडीत उमटतच नाही.

१०/ म्हणून जतनाचा क्रम ठरवावा लागतो. आधी गायकाचा आणि ढोलाचा खरा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर, जसा आहे तसा. मिडीची साथ त्यानंतर, हवी असल्यास.

११/ चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका त्या काळी फारशी खपली नाही. शिकागोत १९८७ च्या सुमारास त्याच टीबी-३०३ वर ‘ॲसिड हाउस’ उभे राहिले, तेव्हाही जगाला ती ठाऊक नव्हती. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि श्रोते थक्क झाले. अठ्ठावीस वर्षांनी ती ऐकता आली, कारण मूळ आवाज शिल्लक होता. चिखलदऱ्याच्या ढोलाबाबत आज तेच करावयाचे आहे.