घरगडी, पाटी आणि कानातला आवाज : सायकल शर्यतीत हुकूम कोणाचा? (थ्रेड)

१/
जुलै १९३४. पिरेनीज पर्वतातला एक वळणदार रस्ता. रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर वीस वर्षांचा एक सायकलपटू बसला आहे. शेजारी पुढचे चाक नसलेली सायकल. मुलगा रडवेला झाला आहे आणि शर्यत त्याच्या समोरून निघून चालली आहे. टूर द फ्रान्सच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रांपैकी हे एक. मुलाचे नाव रने व्हिएतो.

२/
आता एकदम पुढे येऊ. 'प्रो सायकलिंग मॅनेजर' हा संगणक-खेळ अनेकांनी खेळला असेल. फ्रान्समधील सायनाइड स्टुडिओने २००१ मध्ये 'सायकलिंग मॅनेजर' या नावाने ही मालिका सुरू केली. २००५ पासून ती आजच्या नावाने ओळखली जाते. खेळणारा स्वतः सायकल चालवत नाही. तो संघाचा संचालक असतो. पडद्यावरच्या स्वाराला निवडायचे आणि हुकूम द्यायचा : आक्रमण कर, पुढे येऊन पाळी घे, अमक्याच्या मागे राहा, नायकाचे रक्षण कर, गाडीकडे जाऊन पाण्याच्या बाटल्या आण.

३/
या प्रत्येक बटणाला इतिहास आहे. काही बटणे तर अशी आहेत की एके काळी तो हुकूम पाळणाऱ्या स्वाराला शर्यतीतून हाकलून दिले जाई.

४/
मुळात सायकल शर्यतीत हुकूम लागतोच कशाला? कारण वारा. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे राहिले तर त्या श्रमांतला सुमारे एक तृतीयांश भाग वाचतो, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहूनही अधिक. त्यामुळे जो पुढे राहून वारा अंगावर घेतो तो मागच्याला काहीतरी देत असतो. ते कोणी, कोणाला आणि किती वेळ द्यायचे, एवढ्याच प्रश्नाभोवती या खेळाचे सगळे डावपेच फिरतात.

५/
टूरचा जनक आंरी देग्रांज याला हे देणे-घेणे मुळीच मान्य नव्हते. 'लोतो' या क्रीडा-दैनिकाचा तो संपादक. १९०३ मध्ये पहिली टूर भरली ती त्याच दैनिकाचा खप वाढावा म्हणून. त्याच्या कल्पनेतली शर्यत म्हणजे एकटा माणूस, त्याचे यंत्र आणि समोरचा डोंगर. मदत घेणे हा गुन्हा. १९१३ मध्ये यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा तूरमाले घाटात मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन सांत-मारी-द-कांपाँ गावापर्यंत चालत गेला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. तेवढ्या वेळात एका मुलाने भाता ओढला होता. तीही बाहेरची मदतच ठरली आणि क्रिस्तोफला दंडाची मिनिटे लागली.

६/
त्याआधी दोन वर्षे, १९११ मध्ये, मोरिस ब्रोको या स्वाराची स्वतःची जिंकण्याची आशा संपली होती. तेव्हा त्याने फ्रांस्वा फाबेर याला रस्ताभर साथ दिली. देग्रांज संतापला. आपल्या वृत्तपत्रात त्याने ब्रोकोला 'दोमेस्तिक' म्हटले, म्हणजे घरगडी. ही सरळसरळ शिवी होती. चिडलेल्या ब्रोकोने ल्युशों ते बायोन हा ३०० किलोमीटरहून लांब टप्पा जिंकून दाखवला. त्याचा उपयोग उलटाच झाला. एवढा दम असताना तू दुसऱ्यासाठी राबत होतास, याचा अर्थ तू स्वतःला विकलेस, असा निष्कर्ष काढून देग्रांजने त्याला स्पर्धेतून बाद केले.

७/
ती शिवी आज पदनाम झाली आहे. संघातला जो स्वार नायकासाठी वारा अंगावर घेतो आणि बाटल्या वाहतो त्याला जगभर 'दोमेस्तिक' असेच म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

८/
गंमत अशी, की सांघिक खेळाला राजमान्यता मिळाली ती देग्रांजच्याच हातून. १९२९ च्या टूरमध्ये मोरिस द वाल आजारी पडला होता. तरीही आल्सियाँ या सायकल कंपनीच्या इतर स्वारांनी त्याला सांभाळून, आडोसा देऊन पॅरिसपर्यंत नेले आणि तो जिंकला. एक आजारी माणूस आपली शर्यत जिंकतो, हे देग्रांजला सहन होण्यासारखे नव्हते. कंपन्यांचे वर्चस्व मोडण्यासाठी १९३० पासून त्याने त्यांचे संघच बंद केले. त्यांच्या जागी राष्ट्रीय संघ आले आणि सर्वांना आयोजकांकडून एकसारख्या पिवळ्या सायकली मिळू लागल्या.

९/
पण देशाच्या नावाने संघ केल्यावर एकाच देशाच्या स्वारांनी परस्परांना मदत करू नये असे कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच वर्षी पिवळ्या जर्सीतला आंद्रे लदुक गालिबिए घाटाच्या उतारावर पडला. नंतर त्याचे पॅडलही मोडले. इटलीचा लेआर्को ग्वेरा पुढे निसटला होता. लदुक रस्त्यावर बसून रडत होता. फ्रेंच साथीदारांनी त्याला उठवून सायकलवर बसवले आणि पाळीपाळीने वारा कापत इतके ओढले की त्यांनी ग्वेराला गाठले. एव्हियाँला तो टप्पा लदुकनेच जिंकला आणि पुढे टूरही. खेळातला 'पाळी घे' हा हुकूम त्या दिवशी खऱ्या अर्थाने वैध झाला असे म्हणायला हरकत नाही.

१०/
आता कठड्यावरच्या त्या मुलाकडे. १९३४ मध्ये व्हिएतोने आल्प्समधले टप्पे जिंकून फ्रान्सला वेड लावले होते. पण पिवळी जर्सी त्याचा ज्येष्ठ साथीदार आंतोनँ मान्ये याच्या अंगावर होती. प्यूमोराँ घाटाच्या उतारावर मान्ये पडला, चाक मोडले. जवळ होता व्हिएतो. त्याने आपले चाक काढून दिले आणि सुटे भाग आणणाऱ्या गाडीची वाट पाहत बसला. छायाचित्र त्या क्षणाचे.

११/
दुसऱ्या दिवशीची घटना अधिक विलक्षण, पण तिचे तितके प्रसिद्ध छायाचित्र नाही म्हणून ती मागे पडली. पोर्ते दास्पे घाटात मान्येची सायकल पुन्हा निकामी झाली. व्हिएतो त्याच्या पुढे होता, खाली चालला होता. तो वळला, शर्यतीच्या उलट दिशेने चढ चढून मागे आला आणि या वेळी त्याने आख्खी सायकलच देऊन टाकली. मान्ये टूर जिंकला. व्हिएतो पाचवा आला आणि डोंगरी स्वारांमध्ये पहिला.

१२/
'व्हिएतोने मान्येसाठी टूर गमावली' ही दंतकथा मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. पॅरिसला तो मान्येच्या जवळजवळ एक तास मागे होता. त्या दोन दिवसांत गेलेली सगळी मिनिटे परत केली तरी तो जिंकला नसता. पण वीस वर्षांच्या मुलाला, पुढचा रस्ता मोकळा दिसत असताना, हा हिशेब कुठून ठाऊक असणार? १९३९ मध्ये तो दुसरा आला. १९४७ मध्ये अनेक दिवस पिवळी जर्सी घालून त्याने ती १३९ किलोमीटरच्या वैयक्तिक वेळ-शर्यतीत गमावली. टूर त्याने कधीच जिंकली नाही.

१३/
इथे एक तांत्रिक प्रश्न येतो. संचालक गाडीत, स्वार पुढे. हुकूम पोहोचायचा कसा? कित्येक दशके उत्तर साधे होते : गाडी शेजारी आणायची आणि खिडकीतून ओरडायचे. अंतराची माहिती मोटारसायकलवर बसलेला माणूस पाटीवर खडूने लिहून दाखवी. निसटलेली टोळी किती मिनिटे पुढे आहे, हे स्वाराला त्या पाटीवरून कळे. बाकी अंदाज.

१४/
अंदाजालाही शास्त्र होते. माजी स्वार आणि फ्रेंच दूरचित्रवाणीचे समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक आडाखा प्रसिद्ध आहे : पाठलागाला लागलेला घोळका दर दहा किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो. वीस किलोमीटर उरले असताना दोन मिनिटांहून कमी आघाडी असेल तर निसटलेला सापडलाच म्हणून समजावे. हा खेळ खेळणाऱ्यांनी शापातचे नाव ऐकलेले नसते, पण पाठलागाला तीन गडी लावायचे की चार, हे ठरवताना ते नकळत हेच गणित करत असतात.

१५/
आणि माहिती ज्याच्या हाती, त्याच्या हाती शर्यत. १९८५ मध्ये बेर्नार इनो आणि ग्रेग लेमाँड एकाच संघात होते. अपघातात नाक मोडलेला इनो पिवळ्या जर्सीत होता. ल्यूझ आर्दिदाँच्या टप्प्यात तो मागे पडला. लेमाँड पुढच्या टोळीत होता आणि त्याच्यात जोर शिल्लक होता. संघाच्या गाडीतून हुकूम आला : थांब, इनो अगदी जवळ आहे. लेमाँडने वेग आवरला. टप्पा संपला तेव्हा इनो त्याच्या मागे मिनिटाहून अधिक होता. गाडीतून आपल्याला खोटे अंतर सांगितले गेले, असे लेमाँड पुढे कायम म्हणत राहिला. इनोने ती टूर १ मिनिट ४२ सेकंदांनी जिंकली. लेमाँड दुसरा.

१६/
१९९० च्या दशकात मोटोरोला संघाने स्वारांच्या कानात रेडिओ बसवला आणि लवकरच सगळ्यांनी तो उचलला. मोटोरोला ही बिनतारी यंत्रे बनवणारी कंपनी, तेव्हा यात नवल नाही. आता संचालकाचा आवाज थेट कानात. २०१२ मध्ये ला तूसुइरच्या चढावर क्रिस फ्रूमने वेग वाढवला आणि पिवळ्या जर्सीतला त्याचा नायक ब्रॅडली विगिन्स मागे पडू लागला. कानात आवाज आला, फ्रूम थांबला. साऱ्या जगाने तो हुकूम दूरचित्रवाणीवर जवळजवळ पाहिला.

१७/
संगणक-खेळ नेमका या रेडिओ-युगातला आहे. त्यात प्रत्येक स्वाराचे डोंगर, सपाटी, अंतिम धाव, चिवटपणा असे गुण आकड्यांत दिसतात. उरलेली ऊर्जा पट्टीवर दिसते. प्रयत्नाची पातळी बोटाने कमी-जास्त करता येते. थकलेला स्वार मागे पडतो, पण हुकूम ऐकून मनात काय चालले आहे हे तो कधी सांगत नाही. 'नायकाचे रक्षण कर' हे बटण दाबताना व्हिएतोचा चेहरा पडद्यावर येत नाही.

१८/
रेडिओमुळे शर्यत यंत्रवत झाली, अशी ओरड खऱ्या जगातही झाली. १४ जुलै २००९ रोजी, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, टूरचा लिमोज ते इस्वादँ हा टप्पा प्रयोग म्हणून रेडिओविना घेतला गेला. संघांना तो नको होता. घोळका रमतगमत गेला, शेवटी मार्क कॅव्हेंडिश नेहमीप्रमाणे धाव जिंकला आणि दुसरा नियोजित प्रयोग गुंडाळण्यात आला. ऑलिंपिकमध्ये मात्र रेडिओ चालत नाही.

१९/
२५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक, महिलांची १३७ किलोमीटरची रस्ता-शर्यत. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर ही गणितात डॉक्टरेट मिळवलेली, कोणत्याही व्यावसायिक संघात नसलेली स्वार. ती सुरुवातीच्या क्षणापासून निसटलेल्या टोळीत होती. सुमारे ४० किलोमीटर उरले असताना तिने त्या टोळीलाही मागे टाकले. मागे नेदरलँड्सच्या चार मातब्बर स्वार, म्हणजे शर्यतीतला सर्वांत बलाढ्य संघ. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये टोळीतल्या उरलेल्या दोघी पकडल्या गेल्या आणि आता पुढे कोणी नाही असा मागच्यांचा समज झाला. कानात आवाज नव्हता.

२०/
आनमीक व्हान फ्ल्यूटनने अंतिम रेषा ओलांडताना दोन्ही हात उंचावले. कीझेनहोफर तिच्या आधी १ मिनिट १५ सेकंद पोहोचली होती आणि तोवर जमिनीवर आडवी होऊन श्वास घेत होती.